हात लहान की दांडी लांब?

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी यवतमाळहून एक वादक शिकवायला आले होते. नववीतल्या एका मुलीने बास गिटार उचलली, तोच गृहस्थ म्हणाले, “पोरी, तुझे हात लहान. तू खंजिरी घे.” तिने निमूटपणे घेतली. मी मास्तर असून गप्प बसलो, ते अजून सलते.

हात लहान म्हणजे कशापुढे? 1951 साली लिओ फेंडरने आपल्या बासच्या तारेची लांबी 34 इंच ठेवली आणि तोच दंडक होऊन बसला. वेदवाक्य नव्हे ते! 30 इंचांचीही बास मिळते. तिच्यावर पहिले चार पडदे मिळून पाऊण इंच तरी वाचतो. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने 1961 साली हँबुर्गात असलीच आखूड बास घेतली. त्याला कोणी खंजिरी दिल्याचे ऐकिवात नाही.

आणि लांबच वाद्य हाती असेल, तर पट्टा आखूड करावा, अंगठा दांडीच्या मागे ठेवावा. डबल बास वाजवणारे खालच्या सुरांवर तर्जनी, मधले बोट आणि करंगळी एवढ्यांवर भागवतात; अनामिका करंगळीला टेकू देते. हात ताणायचा नाही, सरकवायचा. हे ठाऊक नसेल तर तसे म्हणावे. पोरीच्या हातांना बोल कशाला? मुंबईच्या मोहिनी डेला वडिलांनी बालपणीच बास शिकवली. तेव्हा तिचे हात काय मोठे होते?

आमची ही मुलगी दिवाळीच्या सुटीत आईबरोबर कापूस वेचायला जाते. तिथे हात लहान म्हणून तिला अजून कोणी घरी पाठवलेले नाही.