ज्ञानाला कुलूप कशाला?

फायनल इयरचा प्रोजेक्ट सुरू झाला की हा अनुभव येतोच. हवा तो पेपर सापडतो, सारांश वाचायला मिळतो आणि पुढे पैसे भरायची पाटी! गंमत बघा, संशोधनाला पैसा बऱ्याचदा सरकारचा, म्हणजे आपल्याच आई-वडिलांच्या कराचा. लिहिणारे प्राध्यापक मानधन घेत नाहीत, तपासणारेही सहसा फुकटच तपासतात. मग किल्ली प्रकाशकाकडे कशी?

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. चांगलंच झालं. पण ती आखली गेली सरकारी संस्थांसाठी. शिवाय माझ्या मते हे भाड्याचं घर. भाडं थांबलं की दार बंद. काही प्रकाशक वाचकाला दार उघडतात, पण फी लेखकाकडून घेतात. ओझं फक्त डोकं बदलतं.

फिजिक्सवाल्यांनी १९९१ मध्येच 'आर्काइव्ह' सुरू केलं. तिथे पेपर ठेवायलाही पैसे नाहीत, वाचायलाही नाहीत. बरेच प्रकाशक छपाईआधीची प्रत संस्थेच्या साइटवर ठेवू देतात. अटी तेवढ्या नीट वाचायच्या.

तेव्हा सर-मॅडमना नम्र विनंती, आपल्या पेपरची अशी प्रत लायब्ररीच्या साइटवर ठेवा. आपणही पहिल्या पेपरपासून ही सवय लावू या. निदान आपल्याच कॉलेजचं काम वाचायला पुढच्या बॅचला पैसे मोजावे लागू नयेत!