गार पाण्याने फ्लू अडत नाही

थंडी पडली की आमच्या दीपनगर-भुसावळकडे एक सल्ला हमखास ऐकू येतो: रोज गार पाण्यात पोहा, सर्दी-फ्लू फिरकणार नाही. आम्हांला हे पटत नाही.

नेदरलँड्समध्ये 3018 जणांवर झालेला प्रयोग 2016 साली प्रसिद्ध झाला. गरम आंघोळीच्या शेवटी 30 ते 90 सेकंद गार पाणी. आजारपणाच्या रजा 29 टक्क्यांनी घटल्या; आजाराचे दिवस मात्र फारसे घटले नाहीत. म्हणजे माणसे आजारी पडलीच, पण कामावर गेली. (आमच्या मजूर बाया तापातही जातात, त्यांना रजा कुठली?) विषाणू अडला, असे यातून निघत नाही.

गार पाण्यात एकदम शिरले की श्वास झटकन ओढला जातो, रक्तदाब चढतो. तापीत तेवढ्यात नाकातोंडात पाणी जाते. हृदयविकार, दमा असलेल्यांनी हा नाद करूच नये. थेरीगाथेतल्या पुण्णिकेने, पाणी भरणाऱ्या दासीने, कुडकुडत स्नान करणाऱ्या ब्राह्मणाला विचारलेच होते, यातून साधते काय?

गरोदर बाया आणि साठीपुढच्यांनी फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. पैसे पडत नाहीत.