तटस्थतेचा जमाखर्च

शेजारच्या दोन घरांत भांडण जुंपले असता आपण मध्ये पडू नये, आपले दुकान सांभाळावे, ही शिकवण आमच्या व्यापारी बंधूंस बाळकडूबरोबरच मिळालेली असते. राष्ट्रांच्या व्यवहारात याच शिकवणीस तटस्थता असे भारदस्त नाव आहे. तटस्थ राष्ट्राचे कौतुक करताना त्याने आपली माणसे वाचविली, एवढेच आपण बोलतो. परंतु त्या तटस्थतेची किंमत कोणी दिली, हे पाहण्याचे श्रम फारसे कोणी घेत नाही. ते श्रम आज घ्यावे असा आमचा विचार आहे. आणि त्यासाठी आमच्या दाराशीच राज्य करून गेलेल्या पोर्तुगालाहून अधिक बोलके उदाहरण मिळणार नाही.

दुसरे महायुद्ध 1939 साली पेटले तेव्हा पोर्तुगालचे सर्वसत्ताधीश सालाझार यांनी आपला देश तटस्थ असल्याचे जाहीर केले. इंग्लंडशी पोर्तुगालची मैत्री 1373 च्या तहाइतकी जुनी. तरी पोलादास काठिण्य आणणारे वुल्फ्रम नावाचे खनिज त्यांनी इंग्रजांस विकले आणि जर्मनांसही विकले. दोन्ही डगरींवर हात ठेवण्याची ही कला 1944 च्या जूनपर्यंत चालली. गोव्यात मुरगावच्या बंदरात तीन जर्मन व एक इटालियन जहाज याच तटस्थतेच्या छायेत नांगर टाकून होती. त्यांतील एरेनफेल्स या जहाजावरून इंग्रजी जहाजांच्या हालचाली पाणबुड्यांस कळविल्या जातात, असा इंग्रजांस संशय आला. 9 मार्च 1943 च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या हौशी सैनिकांनी त्यावर छापा घातला आणि ती चारही जहाजे बुडाली. तटस्थ बंदराची अब्रू राखण्यास तेथील सरकार किती समर्थ होते, हे त्या रात्री दिसले.

आता कल्पना करा, की 1940 च्या जूनमध्ये फ्रान्स पडताच सालाझार यांनी वाऱ्याची दिशा पाहून हिटलरचा पक्ष धरला असता. तर काय झाले असते? गोव्याच्या तिन्ही बाजूंस ब्रिटिश अंमल, चौथ्या बाजूस समुद्र आणि त्यावर ब्रिटिश आरमार. मुरगावचा लोहमार्गही ब्रिटिश हिंदुस्थानातील कंपनीच चालवीत होती. गोवा इंग्रजांच्या हाती जाण्यास फार दिवस लागले नसते. पुढे युद्ध संपल्यावर पराभूत इटलीस 1947 च्या तहाने आफ्रिकेतील वसाहतींवर पाणी सोडावे लागले. तोच न्याय पोर्तुगालास लागला असता. मग त्याच वर्षी इंग्रज हिंदुस्थान सोडताना गोव्याचा प्रश्न लिस्बनशी नव्हे, लंडनशी बोलून सुटण्याचा बराच संभव होता. 1955 साली नानासाहेब गोरे यांस आग्वादचा तुरुंग पाहावा लागला नसता आणि त्याच वर्षीच्या 15 ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रही गोळ्यांस बळी पडले नसते.

यावर कोणी म्हणेल, की नेपोलियनच्या युद्धांच्या काळीही इंग्रजांनी गोव्यात पलटणी ठेविल्या होत्या, पण पुढे त्या काढून घेतल्याच ना? आक्षेप रास्त आहे. परंतु तेव्हा पोर्तुगाल इंग्रजांचा मित्र होता, शत्रू नव्हे. आणि सालाझार आरंभीच इंग्रजांच्या बाजूने उतरले असते, तर विजेत्यांच्या पंक्तीस बसून त्यांनी गोव्यावरील पकड अधिकच घट्ट केली असती, हेही आम्ही नाकारीत नाही.

प्रत्यक्षात घडले ते निराळेच. वारा फिरलेला पाहून सालाझार यांनी 1943 साली अझोर्स बेटांवर इंग्रजांस तळ दिला, आणि त्या बदल्यात आपल्या वसाहतींवरील स्वामित्वाची आश्वासने पदरात पाडून घेतली. त्याच बेटांच्या बळावर हा हुकूमशहा 1949 साली नाटो संघटनेच्या संस्थापकांत लोकशाही राष्ट्रांच्या मांडीला मांडी लावून बसला. 1955 च्या डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी गोव्यास पोर्तुगालचा प्रांत मानणाऱ्या संयुक्त निवेदनावर सही केली, तिचे मूळ या सौद्यातच आहे. गोवा मुक्त होण्यास 19 डिसेंबर 1961 उजाडावा लागला.

तथापि दुसरी बाजू झाकून ठेवणे आम्हांस मान्य नाही. लिस्बन खुले राहिले म्हणून नाझींच्या तावडीतून निसटलेल्या हजारो निर्वासितांस अमेरिकेची वाट सापडली. बोर्दो येथील पोर्तुगीज वकील सोझा मेंडिस यांनी तर सरकारची आज्ञा मोडून ज्यू लोकांस परवाने दिले, व त्याबद्दल शिक्षा भोगली. पोर्तुगाल युद्धात उतरता तर हे दार बंद झाले असते. रणभूमी झाल्याने काय होते, ते पोर्तुगीज तिमोरने भोगले. तेथे प्रथम ऑस्ट्रेलियन व डच सैन्य उतरले, मागोमाग 1942 च्या फेब्रुवारीत जपानी आले, आणि हजारो निरपराध लोक प्राणांस मुकले. म्हणून सालाझार यांनी युद्धात उडी घ्यावयास हवी होती, असे आमचे म्हणणे नाही.

आमचे म्हणणे एवढेच, की हा सौदा ज्यांच्या जिवावर झाला त्यांस कोणी विचारलेच नाही. तटस्थ राहावे, शत्रू व्हावे की मित्र, हे लिस्बनमध्ये एका माणसाने ठरविले. मडगाव, म्हापसा, पणजी येथील लोकांस मत देण्याचा तर राहोच, सभा भरविण्याचाही हक्क नव्हता. 18 जून 1946 रोजी डॉक्टर राममनोहर लोहिया मडगावी बोलण्यास उभे राहिले, तेव्हा त्यांस अटक झाली. शांततेचा नफा पोर्तुगालच्या खात्यावर जमा झाला. खर्च मात्र गोमंतकीयांच्या नावे पडला, आणि तो त्यांनी आणखी चौदा वर्षे फेडला.

चोपडीत जमेची बाजू तेवढी वाचून कोणी शहाणा व्यापारी नफा ठरवीत नाही. यापुढे एखाद्या राष्ट्राची तटस्थता वाखाणली जाईल किंवा ती सोडल्याबद्दल त्याचा जयजयकार होईल, तेव्हा वाचकांनी खर्चाचे पानही उलटून पाहावे. जे राष्ट्र आपल्या सर्व प्रजेस विचारून तटस्थ राहते ते आदरास पात्र आहे. जे इतरांस गुलामीत ठेवून स्वतःची शांतता विकत घेते, त्याच्या शहाणपणास आम्ही चातुर्य म्हणू. न्याय म्हणणार नाही.