बंद दारामागचा संगणक

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्य भारतीयांसाठी इंटरनेट सेवा खुली केली. त्यानंतरच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत संगणक आला, तो बहुधा बैठकीच्या खोलीत, दूरध्वनीच्या शेजारी. इंटरनेटची जोडणी दूरध्वनीच्या तारेवरूनच होत असे. ती सुरू असेतो घरचा फोन अडकून पडे आणि बिलाचा आकडा वाढत राही. त्यामुळे मुलगा किती वेळ संगणकापुढे बसला आहे, हे पाहण्यासाठी कुणाला पहारा द्यावा लागत नसे. येता-जाता आजीची नजर पडे. फोन करायचा म्हणून वडील हटकत. नियम कुणी लिहिलेला नव्हता, तो घराच्या रचनेतच होता.

ही रचना पुढे टप्प्याटप्प्याने मोडली. ब्रॉडबँडने बिलाचा धाक संपवला, वाय-फायने तार काढून टाकली, लॅपटॉपमुळे संगणकाला पाय फुटले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, शाळा घरी आली आणि तासाला व्यत्यय नको म्हणून खोलीचे दार लोटून घेतले गेले. शाळा पुन्हा भरू लागल्या. अनेक घरांतले ते दार मात्र लोटलेलेच राहिले. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने रात्री एकट्याने, साऱ्या जगाशी जोडलेल्या यंत्रापुढे बसावे, असा निर्णय आईवडिलांनी विचारपूर्वक घेतल्याचे उदाहरण विरळाच. निर्णय न घेताच ती गोष्ट घडून गेली. म्हणून तिचा फेरविचार करताना मुलाचा एखादा हक्क हिरावला जात आहे, असे अपराधीपण पालकांनी बाळगण्याचे कारण नाही.

धोक्याचे मोजमाप मात्र नीट व्हावे. २०१७ मध्ये ‘ब्लू व्हेल’ नावाच्या कथित खेळाने देशभरातील पालकांची झोप उडवली होती. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले, की तपासलेल्या घटनांमध्ये या खेळाचा संबंध सिद्ध होऊ शकलेला नाही. खरा धोका अशा भीतीहून साधा आणि संथ असतो. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात खेळांच्या अनावर सवयीचा समावेश केला. त्यात तासांची मोजदाद नाही. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टी मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ सुरूच राहणे, ही लक्षणे सांगितली असून निदानासाठी ती साधारणतः वर्षभर दिसावी लागतात. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ मध्ये स्वतंत्र उपचारकेंद्र सुरू झाले. दोन तास खेळणारा प्रत्येक मुलगा रुग्ण ठरत नाही. पण झोप, जेवण, मैदान आणि मित्र एकेक करून सुटू लागले, तर ‘वयच तसे आहे’ म्हणून ते सोडून देणेही शहाणपणाचे नाही.

यावर सरकारने काही करावे, अशी मागणी सहज होते. दक्षिण कोरियाने ते करून पाहिले. २०११ च्या कायद्याने सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत संगणकावरील ऑनलाइन खेळ बंद केले. मुलांनी पालकांच्या नावाने प्रवेश मिळवला आणि पुढे खेळच मोबाइलवर गेले. २०२२ च्या प्रारंभी तो कायदा गुंडाळण्यात आला आणि खेळाची वेळ ठरवण्याचे काम कुटुंबांवर सोपवले गेले. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची अट घातली. ही अट योग्यच आहे. परंतु कायदा संमती मागू शकतो. ती देणारा पालक जागा आहे की नाही, हे कायदा पाहू शकत नाही.

यंत्रावर यंत्राचाच पहारा बसवणे, हा दुसरा सोपा वाटणारा मार्ग. मुलासाठी वेगळे खाते काढून वेळ ठरवता येते, राउटरवरून ठराविक वेळी जोडणी बंद करता येते. लहान वयात याचा उपयोग होतोच. पण राउटर बंद झाला तर मोबाइलचा हॉटस्पॉट असतो आणि खाजगी विंडोत पाहिलेल्या पानांची नोंद संगणकाच्या इतिहासात राहत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला कुलूप हे आव्हान वाटते. त्याचे संदेश चोरून वाचणे तर त्याहून घातक. येता-जाता नजर पडणे वेगळे आणि पाळत ठेवणे वेगळे. पहिल्यात घराची ऊब असते, दुसऱ्याने विश्वास संपतो.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास एक साधा उपाय केला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला, की घराघरातील दूरचित्रवाणी आणि मोबाइल दीड तास बंद. टाळेबंदीनंतर मुलांचे लक्ष पुस्तकात राहत नाही, हे त्यामागचे निमित्त होते. या उपायाचे बळ भोंग्यात नव्हते. तो मोठ्यांनाही लागू होता, यात होते. वडिलांचा मोबाइल आणि आईची मालिका थांबली, तेव्हाच मुलाला थांबण्यास सांगण्याचा अधिकार त्या घराला मिळाला.

सामाजिक कामात रमलेल्या घरांनी तर हे अधिकच मनावर घ्यावे. बैठका, निरोप, संपर्क यांत कार्यकर्त्याची संध्याकाळ जाते आणि जेवतानाही एक हात मोबाइलवर असतो. समाजाला वेळ देणाऱ्याच्या घरात चौदा वर्षांचा मुलगा दाराआड एकटा असेल, तर त्याच्याशी बोलायला कुणीतरी आहेच. फक्त ते कोण, हे घराला ठाऊक नाही.

म्हणून संगणक पुन्हा घराच्या मध्यावर यावा. दोन खोल्यांच्या घरात निदान त्याचा पडदा येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा असावा. रात्री झोपताना घरातील सर्वांची उपकरणे, वडीलधाऱ्यांच्या मोबाइलसह, झोपण्याच्या खोलीबाहेर एका जागी राहावीत. वेळ मुलाला बसवून, त्याच्याशी बोलून ठरावी आणि अभ्यासाचा वेळ त्यात धरू नये. मुलीला धाक आणि मुलाला मोकळीक, हा भेद नको. सोळाव्या वर्षी अपत्याला मित्र मानावे, असे जुने शहाणपण आहे. त्या वयाकडे जाताना बंधन वर्षागणिक सैल व्हावे, कारण अठराव्या वर्षी वसतिगृहात संगणकापुढे बसलेल्या मुलाला हटकणारे कुणी नसते.

या साऱ्याहून महत्त्वाची एक हमी आहे. खेळाच्या निमित्ताने ओळख वाढवून छायाचित्र मागणारे आणि नंतर त्यावरून धमकावणारे गुन्हेगार मुलाच्या एकाच भीतीवर जगतात : घरी कळले तर संगणक जाईल, मार बसेल, अब्रू जाईल. ही भीती घरानेच आधी काढून टाकावी. ‘काहीही घडले तरी येऊन सांग, सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही’, हे मुलाला संकट येण्यापूर्वी सांगितलेले असावे आणि प्रसंग आला तर शब्द पाळला जावा. तक्रारीसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळ आणि १९३० हा क्रमांक आहे, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे. पण त्या क्रमांकापर्यंत पोहोचण्याची वाट आईवडिलांकडूनच जाते. मर्यादा घालणाऱ्या घराने ती वाट कायम उघडी ठेवली पाहिजे.