‘रावे’ला गेला लिफ्टर, नेट गुंडाळलं!

आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात बीएस्सी ॲग्रीचं सातवं सेमिस्टर लागलं की पोरं-पोरी गावोगावी जातात. ग्रामीण कृषी कार्यानुभव, म्हणजेच ‘रावे’. शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन शिकायचं, हे चांगलंच आहे. पण व्हॉलीबॉलचा सराव फक्त सिनिअर्सच्या भरवशावर असेल, तर ते गेले की नेट गुंडाळलंच म्हणून समजा. दरवर्षी नव्यानं सर्व्हिसपासून सुरुवात!

“मग क्रीडा विभागाचे सर आहेत की!” आहेत ना. पण एकटा माणूस कबड्डी, क्रिकेट, ॲथलेटिक्स सांभाळून रोज संध्याकाळी व्हॉलीबॉलला कुठून पुरणार?

म्हणून क्लब टिकवायचा तर कोचिंग वाटून घ्यावं. फर्स्ट इयरचा पोरगा सिनिअरला बिनधास्त विचारतो, “दादा, लिफ्ट वाकडी का जाते?” सरांना विचारताना तो लाजतो. उलट उड्यांचा सराव किती घ्यायचा, गुडघा दुखावला तर कधी थांबवायचं, हे जाणत्या माणसानंच बघावं. आणि एखाद्या मॅडम ग्राउंडवर उभ्या असतील, तर मुलींनाही संध्याकाळी सरावाला येणं सोपं जाईल. तो स्टाफ क्रीडा विभागाचाच हवा असंही नाही. कॉलेजात खेळलेले प्राध्यापक किंवा लॅबमधले कर्मचारीही चालतील.

जमवायचं कसं? स्टाफमधला एक, थर्ड इयरचा एक आणि सेकंड इयरचा एक, असे तिघं मिळून टीम बघतील. मोठा ‘रावे’ला गेला की धाकटा त्याच्या जागी येईल. कोण आलं, काय शिकवलं, हे एका वहीत लिहून ठेवायचं. खर्च फक्त वहीचा!

हे ॲग्रीवाल्यांपुरतंच नाही. नांदेड विद्यापीठाशी जोडलेल्या आपल्या इतर कॉलेजांतही सिनिअर पास होऊन जातातच. नव्या शैक्षणिक धोरणात सह-अभ्यासक्रमाला क्रेडिट आहेत आणि त्यात खेळही येतो. मग ज्युनिअर्सना वर्षभर शिकवणाऱ्याचं काम त्यात का धरू नये? फुकटचा उत्साह परीक्षा आली की आटतो.

व्हॉलीबॉलचा नियमच आहे, ब्लॉक सोडला तर एकाच खेळाडूनं लागोपाठ दोनदा बॉलला हात लावायचा नाही. कोचिंगलाही तोच लावू. यंदा सातव्या सेमिस्टरवाले गावाला निघण्याआधी ग्राउंडवर एक मीटिंग घ्या आणि ती तीन नावं ठरवून टाका.