पंचनाम्यात न मावणारा माणूस

शेतकऱ्याने आत्महत्या केली की त्या घरी कोण कोण येऊन जातं, हे विदर्भ-मराठवाड्यात काम करणाऱ्या आपल्या वाचकांना सांगायला नको. पोलीस येतात, तलाठी येतात, वार्ताहर येतात. सगळ्यांचे प्रश्न सारखेच : कसं झालं? कर्ज किती होतं? कुणाचं? थकलं कधीपासून? राज्य सरकारची एक लाख रुपयांची मदत मिळायची, तर ती आत्महत्या ‘पात्र’ ठरावी लागते, आणि त्यासाठी कर्जाचे, थकबाकीचे कागद लागतात. म्हणजे नवरा जाऊन चार दिवस झाले नाहीत तोच तो किती बुडाला होता, हे त्याच्या बायकोलाच दारोदार सिद्ध करावं लागतं. आपण तिच्यासमोर जाऊन बसतो तोवर तिची हकिगत पाठ झालेली असते. ती त्याच क्रमाने, त्याच शब्दांत सांगते. वीस वर्षांच्या संसारातला शेवटचा दिवस तेवढा उरलेला असतो.

आणि मग आपणही विचारतो, कसं झालं?

या अंकाचा विषय शोक आणि नॅरेटिव्ह थेरपी असा ठरवला, तेव्हा माझ्या मनात हाच प्रश्न होता. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडमधले डेव्हिड एप्स्टन यांनी ही पद्धत घडवली. १९८८ साली व्हाइट यांनी शोकावर एक छोटा लेख लिहिला. गेलेल्या माणसाचा निरोप घ्या, त्याला सोडून पुढे चला, असा सल्ला ऐकून थकलेली माणसं त्यांच्याकडे येत. व्हाइट यांनी उलटी वाट धरली. त्या माणसाला परत हाक मारू या, असं ते सुचवत. त्याच्या नजरेतून स्वतःकडे पाहिलंत तर तुम्हाला तुमच्यातलं काय दिसेल, अशा धाटणीचे त्यांचे प्रश्न असत. आपल्याकडे मात्र अजूनही एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांच्या पाच पायऱ्या फळ्यावर लिहून दिल्या जातात. त्या मुळात मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून सुचलेल्या होत्या. मागे राहिलेल्यांसाठीचं ते वेळापत्रक नव्हतं.

मानववंशशास्त्रज्ञ बार्बरा मायरहॉफ यांच्याकडून व्हाइट यांनी आणखी एक कल्पना घेतली : आयुष्य म्हणजे सदस्यांचा एक संघ, आणि गेलेल्यालाही त्यात पुन्हा सदस्य करून घेता येतं. इंग्रजीत ही ‘आठवण’ या अर्थाच्या शब्दावरची कोटी आहे, ती मराठीत येत नाही. पण आपल्याकडे ‘मंडळी’ हा शब्द आहे. घरची मंडळी म्हणताना आपण पूर्वजांनाही सोडत नाही, पितृपक्षात त्यांचं पान वाढतो. मंडळीत कुणी पुढे बसायचं आणि कुणी दाराबाहेर, हे ठरवायचा अधिकार मात्र शोक करणाऱ्याचा. मार खाल्लेल्या बाईला नवऱ्याच्या नजरेतून स्वतःकडे बघायला लावणं हा अन्याय आहे. अशा वेळी तिच्या आजीला बोलवा, शाळेतल्या बाईंना बोलवा.

दहाव्याचा घाट आठवा. पिंड मांडलेला असतो, कावळा शिवत नाही. मग कुणीतरी पुढे होऊन हात जोडतो : पोरीच्या लग्नाची काळजी करू नकोस, मी बघतो. मृताशी थेट ‘तू’ म्हणून, चारचौघांच्या साक्षीने बोलणं ही आपली जुनी रीत आहे. धार्मिक अर्थ कुणी माना न माना, ऐकणाऱ्यांसमोर नातं उच्चारण्याची ती जागा आहे. पण तिथे बोलतो कोण? भाऊ, चुलता, मेहुणा. पुष्कळ समाजांत बायको तेव्हा घरी असते, आणि तिचं कुंकू पुसलेलं असतं, बांगड्या फोडलेल्या असतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली या प्रथांविरुद्ध ठराव केला. आपल्या कामाच्या दृष्टीने मला तो फार मोलाचा वाटतो, कारण तिच्याविषयी इतरांनी तिच्या अंगावर लिहिलेली गोष्ट त्याने नाकारली.

एक इशारा द्यायलाच हवा. कुणी जेवणखाण सोडलं असेल, मरणाची भाषा करत असेल, महिनोन्‌महिने शोक तसूभर हलत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायला एक दिवसही दवडू नका. गोष्ट नंतर ऐकता येते.

अनेक भेटींतले तुकडे जोडून, ओळख पुसून एक प्रसंग सांगते. सहा महिने झाले होते. बाई कर्जाचे आकडे सांगत होत्या. मी विचारलं, “ताई, हे सहा महिने तुम्ही कसे काढलेत ते त्यांनी पाहिलं असतं, तर त्यांना तुमच्यातलं काय ओळखीचं वाटलं असतं?” त्या खूप वेळ गप्प राहिल्या. मला घाई झाली होती, पण मी बोलले नाही. मग त्या म्हणाल्या, “म्हणले असते, बियाणं यंदा बी तूच निवड.”

दरवर्षी बियाणं त्याच निवडायच्या. हे एकाही कागदावर नव्हतं.

उंबऱ्यावर त्यांच्या जाऊबाई बसल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, “आमच्या ह्यांनाबी तेच सांगायचे भावजी. हिला विचारल्याबिगर पिशवी घेऊ नको म्हणायचे.”