रिपोर्टची एक ओळ वाचून घाबरू नका

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. "मावशी, माझ्या मित्राच्या धाकट्या बहिणीच्या रिपोर्टमध्ये सीडी १० पॉझिटिव्ह आलंय. म्हणजे ल्युकेमियाच ना गं?"

"बाकीच्या ओळींत काय आहे?" मी विचारलं. त्या त्याने वाचल्याच नव्हत्या.

मी लॅबमध्ये हेच काम करते, म्हणून सांगते. मोनोक्लोनल अँटिबॉडी पेशीवरच्या एका ठरावीक प्रथिनालाच चिकटते. ती हवी तेवढी बनवण्याची रीत कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली केंब्रिजमध्ये शोधली. मग प्रत्येक प्रयोगशाळा आपली अँटिबॉडी काढून तिला आपलंच नाव देऊ लागली. एकाची 'ओकेटी ३', दुसऱ्याची 'ल्यू ४'. प्रथिन मात्र एकच! शेवटी १९८२ साली पॅरिसमध्ये सगळ्यांच्या अँटिबॉडी शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. सारख्या वागणाऱ्यांचा एक गट केला आणि गटाला क्रमांक दिला. तोच हा 'सीडी'.

सीडी १० मुलांच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात बहुतेक वेळा दिसतं. पण अस्थिमज्जेतल्या निरोगी, कोवळ्या बी पेशींवरही ते असतं. म्हणून एकट्या सीडी १०वरून आम्ही काहीच ठरवत नाही. सीडी १९, सीडी ३४, सीडी ३, सीडी ३३ अशा अनेक अँटिबॉडी एकत्र लावतो आणि कोणती किती चमकते ते ताडून पाहतो. निरोगी पेशी वाढीच्या निरनिराळ्या पायऱ्यांवर दिसतात. ल्युकेमियाच्या पेशी बहुधा एकाच पायरीवर अडकलेल्या असतात. शिवाय लिम्फोब्लास्टिक आणि मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कधी कधी अगदी सारख्या दिसतात, आणि दोघांची औषधं वेगळी. इथे चुकलं तर उपचारच चुकतो.

दुसऱ्या दिवशी भाच्याने सगळी पानं पाठवली. सीडी १९ होतं, सीडी ३४ होतं. सीडी ३ आणि सीडी ३३ नव्हतं. भीती खरी ठरली होती. पण आता नेमका कोणता ल्युकेमिया, तेही कळलं होतं. पूर्ण उपचार मिळाले तर यातली बहुतेक मुलं बरी होतात, हे मी त्याला सांगितलं. ती मुलगी आता उपचार घेते आहे.

तुमच्या घरी असा रिपोर्ट आला, तर एका ओळीचा फोटो काढून गूगलला विचारत बसू नका. सगळी पानं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, "सगळं मिळून काय सांगतंय?"